नाव चटकन सापडलं, फायली मात्र विखुरल्या

लिनक्सच्या जुन्या एक्स्ट२ फाइलसिस्टिममध्ये डिरेक्टरी म्हणजे साधी यादी: ४ केबीच्या ब्लॉकात एकापुढे एक नोंदी, प्रत्येकीत आयनोडचा (फाइलची माहिती ठेवणाऱ्या डिस्कवरच्या नोंदीचा) क्रमांक, नोंदीची लांबी आणि नाव. शे-दोनशे फायलींना एवढं पुरतं. पण नवी फाइल करताना त्याच नावाची दुसरी नाही ना, हे बघायला अख्खी यादी चाळावी लागते. एका डिरेक्टरीत लाखभर फायली तयार करायच्या तर नावांच्या तुलना होतात सुमारे ५०० कोटी. प्रत्येक पत्राची वेगळी फाइल ठेवणारे मेल सर्व्हर इथेच रडकुंडीला येत.

२००१-०२ च्या सुमारास डॅनियल फिलिप्स यांनी त्यावर एचट्री आणलं. नावं क्रमाने लावण्याऐवजी त्यांनी नावाचा हॅश, म्हणजे नावावरून काढलेली एक संख्या, घेतला. सूचीच्या एका नोंदीत ४ बाइट हॅश आणि ४ बाइट ब्लॉकचा क्रमांक. त्यामुळे एका ब्लॉकात ५०० च्या वर नोंदी मावतात आणि दोन पायऱ्यांत अडीच लाख ब्लॉक आवाक्यात येतात. मला जास्त आवडते ती दुसरीच युक्ती: सूचीचा आतला ब्लॉक जुन्या कर्नलला ब्लॉकभर पसरलेली एकच रिकामी नोंद वाटतो. ते तो ओलांडतं आणि बाकीची यादी पूर्वीसारखीच वाचतं.

शोध झपाट्याने होऊ लागला, पण मोठी डिरेक्टरी टारने बांधणं किंवा आरएमने पुसणं कुठे कुठे उलट मंदावलं. नावं आता हॅशच्या क्रमाने मिळत होती. दुसरा क्रम देणं अवघड, कारण ब्लॉक भरला की फुटतो, अर्ध्या नोंदी दुसरीकडे जातात. मध्येच थांबलेल्या प्रोग्रामला कुठवर आलो हे सांगायला हॅश हीच टिकाऊ खूण. आणि प्रत्येक फाइलसाठी जो आयनोड वाचावा लागतो, त्याच्या क्रमाशी हॅशचा काडीचाही संबंध नाही. १२८ बाइटांचे ३२ आयनोड एका ब्लॉकात असतात. पूर्वी ते बहुधा ओळीने वाचले जात. आता डिस्कचं हेड सैरावैरा धावू लागलं.

यावर उपाय म्हणून एचट्रीला मात्र कुणी हात लावला नाही. टेड त्सो यांनी एक छोटी लायब्ररी लिहिली: नावं मेमरीत घ्यायची, आयनोडच्या क्रमाने लावायची, मगच प्रोग्रामला द्यायची. पुढे जीएनयूच्या आरएमनेही १०,००० च्या वर नोंदी असल्या की हीच क्रमवारी सुरू केली. डिरेक्टरी अवाढव्य असेल तर सगळी नावं मेमरीत धरणं परवडत नाही, म्हणून तो एका खेपेला लाखभरच उचलतो.