विमानतळावरील तपासणी व आपले वर्तन

परक्या माणसाने आपली पिशवी उघडावी व अंगाजवळून यंत्र फिरवावे, हे कोणाही घरंदाज माणसास रुचणारे नव्हे. यवतमाळाहून नित्याची प्रवासी विमानसेवा नसल्यामुळे पुसद, दारव्हा, वणीकडील मंडळींना लेकी-सुनांकडे बंगळूरास किंवा अमेरिकेस जावयाचे झाले म्हणजे बहुधा नागपूरचा विमानतळ गाठावा लागतो. तेथील रांगेत, घरी मोलकरणीशीही मृदू बोलणारी माणसे एकाएकी कठोर होतात. "आम्ही का चोर दिसतो?" हा पहिला प्रश्न, मग स्वतःचा हुद्दा, आणि अखेर ओळखीच्या अधिकाऱ्याचे नाव!

हा राग ज्याच्यावर निघतो, त्याने नियम केलेला नसतो. नियम नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचे. ते पाळून घेणे एवढेच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाचे काम. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीस निघालेले विमान पळवून कंदाहारास नेण्यात आले. त्यानंतर, २००० सालापासून, आपल्या विमानतळांची राखण या दलाकडे सोपविण्यास आरंभ झाला.

तपासणीत ढिलाई झाल्यास काय होते, हे २३ जून १९८५ रोजी जगाने पाहिले. एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडनजीक समुद्रावर स्फोटाने फुटले व त्यातील सर्व ३२९ माणसे प्राणांस मुकली. टोरांटो येथे सामान तपासताना क्ष-किरण यंत्र बिघडले होते. हातातील लहानशा उपकरणावर उरलेले काम उरकण्यात आले. ज्या पेटीत बाँब होता, तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. राखणदाराचे काम चोख झाले म्हणजे काहीच घडत नाही. म्हणून त्याचे आभार मानण्याचे कोणास सुचत नाही.

आपल्या घरी पाहुणा आला म्हणजे पाय धुण्यास पाणी देण्याची चाल होती. त्यात पाहुण्यास मळका म्हटले, असे कोणी मानीत नसे. उंबरठ्याचा दंडक सर्वांस सारखा. विमानतळावरील तपासणीही तशीच मानावी. शंका आपल्यावर नसते, आणि हुद्द्याने सूट मागणे म्हणजे आपल्यामागे उभ्या असलेल्या शेतकऱ्यास संशयित ठरविणे होय.

याचा अर्थ जवानाचे सर्व निमूटपणे सोसावे, असा नव्हे. प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढावयास लावतात, ही व्यथा नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीरपणे मांडली, तेव्हा दलाने त्यांची क्षमा मागितली. उद्धट वर्तन झाल्यास वरिष्ठांकडे शांतपणे तक्रार करावी. रांगेत आरडाओरड करून काही साधत नाही.

थोडी तयारी घरीच करता येते. अडकित्ता, कात्री, सुरी व लोणच्याची बरणी आदल्या रात्रीच विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या पेटीत घालावी. स्त्रियांची तपासणी स्त्रीच पडद्याआड करते, हे घरातील वृद्ध स्त्रियांना निघण्यापूर्वी सांगून ठेवावे, म्हणजे त्या संकोचणार नाहीत. आणि समोरच्या तरुण मुलीस "अगं ए" न म्हणता "ताई" म्हणावे. तीही कोणाच्या तरी घरची लेक असून, दिवसभर उभी राहून आपल्या सर्वांचा प्रवास सुखरूप व्हावा म्हणूनच झटत असते. आपले बोट धरून उभी असलेली नातवंडे आजोबांचे तेथील वर्तन पाहतात, आणि मोठेपणी तसेच वागतात.