बुरशीचा पाचक रस आणि आपला शिळा ऊस



मागील गट सभेत एका सभासदांनी विचारले, "साहेब, रसात कसलंतरी औषध टाकतात म्हणे, अन् ते बुरशीपासून काढतात. खरं का?" खरे आहे. फक्त ते औषध नव्हे, एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्यालाच विकर म्हणतात.

आपल्या पाचटाचेच पाहा. सरीतल्या ओल्या पाचटावर ट्रायकोडर्मा सोडली की ते हळूहळू काळे पडून मऊ होते. बुरशीला ना तोंड, ना दात. ती पाचक रस अंगाबाहेर सोडते, पाचट बाहेरच पचवते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. या रसातले पचवणारे द्रव्य म्हणजे एन्झाइम. कारखानदार बुरशीला पोटभर खाऊ घालतात आणि हा रस गाळून घेतात, एवढाच धंदा.

तो दोन तऱ्हांनी चालतो. जुनी तऱ्हा कोंड्याची. गव्हाचा कोंडा ओलसर करून वाफवायचा, ट्रेमध्ये पातळ पसरायचा आणि बुरशीचे विरजण लावायचे. काही दिवसांत कोंड्यावर बुरशीची लव धरते. जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञांनी अशाच रीतीने स्टार्च पचवणारे एन्झाइम काढून १८९४ साली अमेरिकेत पेटंट घेतले. यात पाणी कमी लागते, यंत्रेही साधी. पण वाढणारी बुरशी तापते. कंपोस्टच्या ढिगात हात घातलेल्याला हे सांगायला नको. थर जाड झाला की आतली बुरशी स्वतःच्याच उष्णतेने मरते.

दुसरी तऱ्हा टाकीची. पोलादी टाकीत पातळ खाद्य भरून ते वाफेने निर्जंतुक करतात आणि मग बुरशी सोडतात. आपल्या डिस्टिलरीची टाकी तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल, पण फरक मोठा आहे. अल्कोहोल करताना यीस्टला हवा नको असते. बुरशीला मात्र रात्रंदिवस निर्जंतुक हवा फुंकावी लागते, ढवळावे लागते. विजेचा खर्च तिथेच होतो. पण तापमान आणि आम्लता हातात राहते, माल एकसारखा निघतो. म्हणून मोठे उत्पादन आज बहुतेक टाकीतच होते.

हा उद्योग परदेशातलाच समजू नका. ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज ही १९८९ साली स्थापन झालेली कंपनी ठाण्याची. तिचे कारखाने सिन्नरला आणि कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर वाशिंदला आहेत. ठाणे, डोंबिवली म्हटले की आपल्याला रसायनांचा वास आठवतो. त्याच पट्ट्यात बुरशी पाळणारेही आहेत.

आता आपल्या रसाकडे वळू. तोडलेला ऊस पडून राहिला की कापलेल्या टोकांतून ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात. ते साखर खातात आणि डेक्स्ट्रन नावाचा लेस करतात. रस बुळबुळीत होतो, नीट गाळला जात नाही, पॅनमध्ये दाणा लांबट येतो आणि साखर मळीत जाते. किटोमियम जातीच्या बुरशीपासून मिळणारे डेक्स्ट्रनेज हा लेस तोडते. त्याला कोमट-गरम रस आणि थोडा वेळ द्यावा लागतो. फार उष्णतेत ते निकामी होते.

मात्र एन्झाइम लेस तोडते, जिवाणूंनी खाल्लेली साखर परत आणून देत नाही. उतारा गेला तो गेलाच, वर एन्झाइमचा खर्च अखेर तुमच्या दरातूनच वजा होतो.

यात दोष केवळ सभासदाचा नाही. सकाळी तोडलेल्या उसाची ट्रॉली दुसऱ्या दिवशीही यार्डात उभी असेल तर ती चूक आमच्या शेती खात्याची, आणि मागच्या हंगामात ती घडली, हे आम्ही कबूल करतो. यंदा तोडीची तारीख आणि वेळ चिठ्ठीवर लिहायची आहे. चिटबॉयने लिहिली नाही तर तुम्ही लिहायला लावा. तोडीपासून गव्हाणीपर्यंत चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ लागलेली चिठ्ठी गट ऑफिसात दाखवा, जाब आम्ही देऊ. फड जळाला तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा; जळका ऊस फार लवकर बिघडतो.