विश्लेषण : पोलादाहून मजबूत नॅनोट्यूब, मग तिचा दोर का होत नाही?

बांधकामाच्या सळईवर ‘एफई ५००’ लिहिलेले असते. त्यातले ५०० म्हणजे अर्धा गिगापास्कल. त्यापुढचा ताण आला की सळई कायमची लांबते. २००० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कार्बनच्या एकेक नॅनोट्यूबला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ताणून तोडले. नळीच्या बाहेरच्या थराची ताकद भरली ११ ते ६३ गिगापास्कल!

पण पदार्थ एकच, मग आकड्यांत एवढी तफावत का? उत्तर आहे दोषांमध्ये. ब्रिटनच्या ग्रिफिथ यांनी १९२० मध्येच काचेच्या तंतूंवर दाखवले होते, की तंतू जितका बारीक तितका तो मजबूत. काच तुटते ती तिच्यावरील सूक्ष्म चिरांपासून आणि बारीक तंतूत मोठ्या चिरेला जागाच नसते. नॅनोट्यूबची जाडी तर अवघी काही नॅनोमीटर. मात्र नळी लांब केली, की कुठेतरी एखादा अणू निसटलेला असण्याची शक्यता वाढते. तुटायला तेवढी एक जागा पुरते. शिवाय नळ्या एकत्र वळल्या तर त्या एकमेकींवरून घसरतात, कारण त्यांच्यातली पकड फारच दुबळी असते.

चीनच्या छिंगह्वा विद्यापीठाने २०१८ मध्ये ८० गिगापास्कलहून अधिक ताकदीचे जुडगे बनवले, पण लांबी सेंटिमीटरमध्ये. अंतराळ-लिफ्टला दोर हवा ३६ हजार किलोमीटरच्याही पुढे जाणारा. तूर्त नॅनोट्यूबला मोठी मागणी आहे लिथियम-आयन बॅटरीत, तीही वीज वाहून नेण्यासाठी.