संसाराची शिकवण आणि ख्रिस्ती पुस्तकें

मोहाचीं फुलें पडूं लागलीं कीं चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानमुलुखांत लग्नसराईची चाहूल लागते. यंदा आमच्या एकत्र कुटुंबांतहि एका पुतणीच्या लग्नाचा विचार चालला आहे. पत्रिका, पगार, घराणें, सारें पाहून झालें; तेव्हां ती म्हणाली, "काका, पुढें त्यांचे विचारच बदलले, तर मीं काय करावें?" आम्हांला उत्तर सुचेना. आम्हीं कपाटांतून लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' काढून तिच्या हातीं दिलीं. घरांतील वडील मंडळी मात्र अस्वस्थ झाली. लग्नाच्या मुलीनें ख्रिस्ती पुस्तक वाचावें, हें काय?

ही शंका अगदींच अस्थानीं नाहीं. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघालें. त्यांत लेखकाचा ओढा स्वधर्माकडे आहे हें लपत नाहीं. पण त्यांतील हिंदु विधवांचें दुःख खोटें होतें काय? पुनर्विवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीं, १८५६ सालीं, झाला होता. शेजाऱ्यानें आपल्या घराची गळती दाखविली, तर त्याच्या हेतूची चिकित्सा करण्यापूर्वीं छप्पर पाहावें, हें बरें.

टिळक दांपत्याची गोष्ट याहून जवळची. त्यांचें लग्न १८८० सालीं झालें. तेव्हां लक्ष्मीबाई जेमतेम बारा वर्षांच्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि संसार दुभंगला. धर्मांतरामुळें जोडीदारानें टाकल्यास काडीमोड मागण्याची सोय १८६६ च्या कायद्यानें झालेली होती. टिळकांनीं ती वाट धरली नाहीं, ते थांबले. काहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई नगरास आल्या, तरी प्रथम आपलें अन्नपाणी त्यांनीं वेगळेंच ठेविलें. पुढें जातिभेदाचा विचार करतां करतां त्यांचें मन पालटलें व १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून फरफटत जाण्याची ही कथा नव्हे.

पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत याच पेंचाचा विचार आहे: जोडीदार आपल्या श्रद्धेचा नसला तरी तो नांदावयास राजी असेल, तर त्यास सोडूं नये. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत पत्नीस अधीनता सांगितली आहे खरी. परंतु त्याच ठिकाणीं पतीनें पत्नीसाठीं स्वतःस वाहून द्यावें इतकी प्रीति मागितली आहे. पुरुषांस पहिलें वाक्य पाठ असतें, दुसरें आठवत नाहीं. आमच्याहि धर्मग्रंथांची आम्हीं हीच गत केली आहे. तेथें ख्रिस्ती-ब्राह्मण हा भेद उरत नाहीं!

कोणी म्हणेल, असें सोसणें हाच का आदर्श? मुळींच नाहीं. लक्ष्मीबाईंनीं ताटातुटीचे हाल झांकले नाहींत, आणि नवऱ्याचा तापटपणाहि झांकला नाहीं. सारें हंसत सांगितलें, इतकेंच. १९३४ पासून प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक ब्राह्मण घरांतूनहि आवडीनें वाचलें गेलें, तें उपदेशासाठीं नव्हे, या खरेपणासाठीं.

पुतणीनें पुस्तक चार रात्रींत संपविलें. पुढल्या भेटींत तिनें मुलास एवढेंच विचारलें, "उद्यां तुमचा विचार बदलला, तर तो तुम्हीं मला प्रथम सांगाल, कीं मला तो लोकांकडून कळेल?" मुलगा क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, "हें मला आजवर कोणीं विचारलें नव्हतें. मला दोन दिवस द्या." वडील मंडळींस हें उत्तर रुचलें नाहीं, आम्हांस तें फार आवडलें. चटकन् दिलेल्या वचनापेक्षां मागून घेतलेले दोन दिवस अधिक मोलाचे.

निकाल अद्याप लागावयाचा आहे. तोंवर तिच्या उशाशीं साधनाताई आमट्यांची 'समिधा' आहे. आमच्याच जिल्ह्यांतील वरोऱ्याजवळच्या आनंदवनांत फुललेल्या संसाराची ती कहाणी. आणि 'स्मृतिचित्रें'? तीं सध्यां वडील मंडळींच्या खोलींत आहेत. कोणीं नेलीं, हें आम्हीं विचारलेलें नाहीं.