पिपातली बिअर, उन्हातला मोह

ओकच्या पिपात महिनोन्महिने मुरवलेली, मोजक्याच बाटल्यांत निघणारी बिअर हा शौकिनांच्या चर्चेचा विषय. पिपात नेमके काय घडते? लाकडातल्या लिग्निनपासून झालेले व्हॅनिलिन बिअरमध्ये उतरते, लाकडातून किंचित ऑक्सिजन झिरपतो आणि चव पालटत जाते.

जव्हार तालुक्यातल्या जामसरकडे, मोहाच्या मुलखात, हंगाम मोजकाच असतो. पण साठवण पेयाची नव्हे, फुलांची. मार्च-एप्रिलात पहाटे गळालेली फुले वेचून उन्हात वाळवतात. ताज्या फुलात पाणी आणि साखर भरपूर, म्हणजे यीस्टला मेजवानीच. पाणी उडाले की साखर इतकी दाट होते की यीस्टच्या पेशीतलेच पाणी परासरणाने बाहेर ओढले जाते व तिची वाढ थांबते. लोणच्यातले मीठ हेच करते. फुले पुन्हा भिजवली की किण्वन सुरू! मग ऊर्ध्वपातनात अल्कोहोल आणि सुगंध वाफेबरोबर येतात. रंग मागेच राहतो.

आम्हाला मात्र दारूपेक्षा फूल महत्त्वाचे वाटते. आदिवासी घरांत ते भाजून, उकडून खाल्ले जाते. टंचाईत तर तोच आधार असे. दारूसाठी भिजवलेल्या फुलांतली ही साखर यीस्टच खाऊन टाकते.