छत्र उघडल्यानंतर

पॅराशूटविषयी सर्वसामान्य माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो, तो म्हणजे ते उघडेल की नाही. एकदा ते उघडले की माणूस वाचला, पुढचे सारे आपोआप होते, अशी आपली समजूत असते. आम्हा डॉक्टरांचीही तीच. २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मिश्किल लेख आला होता. पॅराशूटमुळे जीव वाचतो याला एकाही यादृच्छिक चाचणीचा आधार नाही, असे त्यात गंभीरपणे नोंदवले होते. त्याच नियतकालिकाने २०१८ साली तशी चाचणीही छापली. तिच्यात २३ जणांनी उड्या टाकल्या, काहींनी पॅराशूट बांधून तर काहींनी रिकामी पिशवी पाठीवर घेऊन. दोन्ही गटांत कोणालाही इजा झाली नाही, कारण विमान जमिनीवर उभे होते आणि उडी सरासरी ०.६ मीटरची होती! संशोधनाचा निष्कर्ष कोणत्या परिस्थितीत काढला हे न पाहता तो स्वीकारू नये, हा त्यामागचा धडा.

तोच धडा आकाशउडीलाही लावता येतो. अमेरिकेत २०२३ साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि त्यांत दहा माणसे दगावली. प्रमाण अल्प आहे. परंतु अशा मृत्यूंच्या नोंदी वर्षानुवर्षे एक गोष्ट सांगत आल्या आहेत. त्यांतील मोठा वाटा न उघडलेल्या छत्रांचा नाही. छत्र उत्तम उघडलेले, दोऱ्या सुस्थितीत, माणूस शुद्धीवर, आणि तरीही शेवटच्या शंभर-दोनशे फुटांत घात झालेला असतो. छत्र उघडणे हा शेवट नसून तिथून एका लहानशा विमानाचे सारथ्य सुरू होते, हे या लेखात सांगावयाचे आहे.

ग्वाल्हेरकरांना हा विषय परका वाटू नये. सिटी सेंटरच्या गच्चीवरून महाराजपुऱ्याची मिराज विमाने आपण नित्य पाहतो. येथून अडीच-तीन तासांच्या अंतरावरील आग्र्याला भारतीय हवाई दलाची छत्रीधारी सैनिकांना शिकवणारी शाळा आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलजवळ उतरून पुंगलीचा पूल ताब्यात घेणारी दुसरी पॅरा बटालियन ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. त्या सैनिकांची छत्रे गोल घुमटासारखी होती. गोल छत्र हवेला अडवते आणि माणसाला सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने खाली आणते. त्याला दिशा देण्याची सोय जवळजवळ नसतेच, वारा नेईल तिकडे ते जाते. म्हणून त्या काळच्या शिक्षणाचा सारा भर जमिनीवर पडावे कसे, यावर असे. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, तळव्याचा पुढचा भाग, पोटरीची बाजू, मांडी, नितंब आणि पाठीची बाजू अशा क्रमाने अंग लोळवावयाचे, म्हणजे धक्का एकाच हाडावर न बसता पाच ठिकाणी वाटला जातो. ही विद्या आजही प्रत्येक नवशिक्याला प्रथम शिकवतात.

खेळातील छत्र मात्र बदलले. डोमिना जालबेर यांनी १९६०च्या दशकात असे छत्र घडवले, ज्याच्या कापडी कप्प्यांत पुढच्या तोंडातून हवा शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाचाच पंख तयार होतो. सामान्यतः सात किंवा नऊ कप्प्यांचे हे आयताकृती छत्र हवेला केवळ अडवत नाही; ते हवेतून पुढे सरकते आणि पुढे सरकण्यातूनच उचल मिळवते. नवशिक्याचे छत्रही ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेगाने पुढे जात असते. वेग संपला की उचलही संपते.

या पंखाचे सुकाणू म्हणजे दोन हातांतील दोन मुठी. त्यांच्या दोऱ्या पंखाच्या मागच्या कडेला बांधलेल्या असतात. उजवी मूठ ओढली की उजवीकडील मागची कड खाली वाकते, त्या बाजूला अवरोध वाढतो आणि छत्र उजवीकडे वळते. मूठ जोराने ओढली तर छत्र वळता वळता कलते व नाक खाली करून झेपावते. माणूस छत्राच्या खाली लंबकासारखा टांगलेला असल्याने तो बाहेर फेकला जातो. मूठ सोडल्यावर छत्र सावरते, परंतु सावरण्यासाठी त्याला वेळ आणि उंची दोन्ही लागतात. हजार फुटांवर त्याची चिंता नसते. शंभर फुटांवर ती उंची शिल्लक नसते.

बालरोगतज्ज्ञाला वजनावरून मात्रा ठरवण्याची सवय असते. छत्राचेही तसेच आहे. माणूस, कपडे आणि सर्व सामान यांचे एकूण वजन पौंडांत घेऊन त्याला छत्राच्या चौरस फुटांनी भागतात. ८० किलो म्हणजे सुमारे १७६ पौंड. २०० चौरस फुटांच्या छत्राखाली हा भार ०.८८ येतो, १२० फुटांच्या छत्राखाली जवळपास १.४७. नवशिक्यासाठी तो एकच्या आत असावा असा संकेत आहे. भार जितका अधिक तितका वेग अधिक, वळण तीव्र आणि चुकीला क्षमा कमी. अनुभव वाढण्याआधी छत्र लहान करणे म्हणजे अर्भकाला प्रौढाची मात्रा देण्यासारखेच आहे.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. छत्राचा स्वतःचा वेग ताशी ३५ किलोमीटर आणि वारा १५ असेल, तर वाऱ्याकडे तोंड करून उतरणाऱ्याचा जमिनीवरचा वेग २० राहतो. वाऱ्याबरोबर उतरणाऱ्याचा ५० होतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे येथे ती सहापटींहून अधिक. यासाठीच उतरण्याचा एक ठरीव मार्ग असतो. साधारण हजार फुटांवर वाऱ्याबरोबर, सहाशे फुटांवर वाऱ्याला आडवे आणि तीनशे फुटांवर वाऱ्यासमोर अशी तीन पावले. आकडे छत्रानुसार व वाऱ्यानुसार बदलतात, तत्त्व बदलत नाही. सर्व मोठी वळणे वरच संपवावयाची. शेवटच्या टप्प्यात समोर पाहत असताना जो बिंदू नजरेत स्थिर दिसतो, तेथेच आपण पोहोचणार असतो. त्याच्या पलीकडची जमीन वर सरकताना दिसते, अलीकडची खाली.

मग येते ती शेवटची क्रिया, तिला ‘फ्लेअर’ म्हणतात. जमीन दहा-बारा फुटांवर, म्हणजे आपल्या उंचीच्या सुमारे दुप्पट अंतरावर आली की दोन्ही मुठी एकाच वेळी, सारख्याच आणि संथपणे खाली आणावयाच्या. पुढे जाण्याच्या वेगाचे क्षणभर उचलीत रूपांतर होते, छत्र जमिनीला समांतर सरकते आणि पाय अलगद टेकतात. ही क्रिया लवकर झाली तर छत्र वरच थबकते. त्या वेळी घाबरून मुठी वर सोडल्या तर ते पुढे झेपावून माणसाला आपटते. हात होते तेथेच धरून ठेवावेत, जमीन जवळ येताच उरलेले खाली आणावेत आणि अंग लोळवण्याची तयारी ठेवावी.

इथे आमच्या विषयाचा थेट संबंध येतो. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला पोटाखाली हात देऊन आडवे धरले आणि एकदम डोक्याकडून खाली झुकवले, तर ते दोन्ही हात पुढे फेकते. वैद्यकात याला ‘पॅराशूट रिफ्लेक्स’ असेच म्हणतात. बाळ पडताना स्वतःला सावरू लागले याची ती खूण. ती दिसली की आम्हाला समाधान वाटते. पुढे ही प्रतिक्षिप्त क्रिया आयुष्यभर टिकते. बर्फावर घसरलेल्या प्रौढाचे मनगट मोडते ते याच क्रियेमुळे.

छत्राखाली मात्र तीच विरुद्ध काम करते. जमीन वेगाने वर येते, तोल उजवीकडे जातोय असे वाटते आणि उजवा हात आपोआप जमिनीकडे पसरतो. त्या हातात मूठ आहे! हात खाली जाताच उजवी दोरी ओढली जाते, छत्र उजवीकडे वळते, माणूस अधिकच उजवीकडे पडतो. समोर झाड वा खड्डा दिसताच खालच्या उंचीवर एका हाताने जोरात वळण घेणे हेही त्याच जातीचे, आणि जीवघेणे अपघात सर्वाधिक घडतात ते अशाच वळणांतून. म्हणून शिक्षक प्राधान्यक्रम घोटून घेतात. छत्र समतल ठेवा. मोकळी जागा निवडा. किमान अर्धा फ्लेअर करा आणि लोळा. वाऱ्यासमोर तोंड करणे या यादीत नाही. समतल छत्राने वाऱ्याबरोबर उतरलेला माणूस फार तर घोटा मोडून घेतो. ऐनवेळी वाऱ्यासमोर वळू पाहणारा पाठीचा कणा, कधी प्राणही, गमावतो. नजर अडथळ्यावर खिळवू नये, मोकळ्या जागेवर ठेवावी, कारण नजर जाते तिकडे हात जातात.

आपल्या मराठी माणसांत या विद्येचे ठळक नाव म्हणजे पुण्याच्या शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उणे ३७ अंश तापमानात २,४०० फुटांवरून उडी घेतली, आणि ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिकावर त्या उतरल्या, २०११ साली पद्मश्रीने सन्मानित झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उतरल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टच्या परिसरात २१,५०० फुटांवरून उडी घेतली. त्या भागात हवा विरळ असते, आणि साडेबारा हजार फुटांवरील जमिनीजवळ तेच छत्र समुद्रसपाटीपेक्षा सुमारे वीस टक्के वेगाने धावते. वर्तमानपत्रांत उडीची उंची छापून येते. खाली सुखरूप उभे राहण्यामागचा हा हिशेब छापला जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना हवा पातळ होते, वेग काहीसा वाढतो, आणि तापलेल्या मैदानावर उठणारी वावटळ तर भरलेल्या छत्राला क्षणात मुरगळू शकते. म्हणूनच उन्हाळ्यात अशा उड्या सकाळीच बऱ्या.

२०२२पासून उज्जैनला पर्यटन महोत्सवात प्रशिक्षकाच्या छातीशी बांधून घेऊन हजारो फुटांवरून उडी घेण्याची सोय झाली आहे. आपल्या समाजातील, आम्हीच लसी टोचलेली मुले आता प्रकृतीचा दाखला मागायला येतात. दाखल्यावर सही करताना डॉक्टर बंधुभगिनींनी काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. सर्दी वा कानाचा त्रास आहे काय, कारण उतरताना दाब झपाट्याने वाढतो. फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा प्रकार पूर्वी घडला आहे काय, अपस्मार, पाठीचे दुखणे, ठिसूळ हाडे किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध आहे काय. वजन खरे सांगितले आहे काय, हेही विचारावे, कारण वर दिलेला भागाकार त्यावरच उभा आहे. पालकांनी मुलांना एकच आज्ञा पुन्हा पुन्हा सांगावी. जमीन जवळ येताच प्रशिक्षक सांगेल तेव्हा दोन्ही पाय समोर उचलून धरायचे आणि जमिनीला हात लावायला जायचे नाही. जोडीच्या उडीत प्रवाशाचा घोटा मोडतो तो बहुधा आधीच पाय खाली सोडल्याने. आणि वारा अधिक आहे म्हणून प्रशिक्षकाने त्या दिवशी उडी रद्द केली तर, पैसे व प्रवास वाया गेला तरी, त्याचे आभार मानावेत.

निसर्गाने बाळाला दिलेली पडताना हात पसरण्याची देणगी अमूल्य आहे. तिच्यावर सरावाने ताबा मिळवून, दोन्ही हात सारखे ठेवून, नजर मोकळ्या भूमीवर लावून जो उतरतो, तो पायांवर उभा राहतो. त्याची सारी तयारी हजार फुटांवरच झालेली असते.