तीच उष्णता पुन्हा पुन्हा

कपडे वाळवणाऱ्या यंत्रांसाठी युरोपीय संघाचे नवे नियम १ जुलै २०२५ पासून लागू झाले. ते इतके कडक आहेत की हीट पंप असलेला ड्रायरच त्यांत बसतो. स्वित्झर्लंडने तर असा नियम २०१२ मध्येच केला होता.

जुना ड्रायर विजेवर हवा तापवतो, ओल्या कपड्यांतून फिरवतो आणि दमट झालेली गरम हवा नळीतून घराबाहेर सोडतो. विकतची उष्णता वाया! हीट पंपात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो. दमट हवा थंड नळ्यांवरून जाते, तिच्यातल्या वाफेचे पाणी होते आणि त्या वेळी सुटलेली उष्णता नळ्यांतले शीतक शोषून घेते. कॉम्प्रेसर ते दाबून आणखी तापवतो, आणि त्यावर कोरडी हवा पुन्हा गरम होऊन कपड्यांकडे वळते. वीज साधारण निम्मी किंवा त्याहून कमी लागते. तापमानही पन्नास अंशांच्या आसपास राहत असल्याने कापड कमी झिजते.

पण कपडे वाळायला दोन-तीन तास लागू शकतात. यंत्र महाग, आणि थंडगार गॅरेजमध्ये ते आणखी रेंगाळते. खरी डोकेदुखी मात्र कपड्यांच्या तंतूंची: ते आतल्या नळ्यांवर साचले की हवा अडते आणि वीजबचतही घटते.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात असे यंत्र मोलाचे ठरेल. ऊन असेल तेव्हा मात्र दोरीच वापरा, आणि ड्रायर घेतलाच तर त्याची तंतू अडवणारी जाळी प्रत्येक वेळी साफ करा.